नाव मिळाले, आता वंश राखू या



नरकासुराचे दहन झाले, दारात आकाशकंदील लागले, की पाडव्याला आपल्या गावात गुरांचा मान असतो. गुरांना न्हाऊ घालून झेंडूच्या माळा घालायच्या, पोळे खाऊ घालायचे, अंगणात शेणाचा गोवर्धन मांडायचा, ही रीत पेडणे आणि डिचोलीच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. यंदाचा दिवाळी अंक आम्ही या गुरांनाच वाहिला आहे. निमित्त पूजेचे असले तरी विषय विज्ञानाचा आहे, आणि तो आपल्याच गोठ्यातला आहे.

ज्या पांढऱ्या गायीला आपण इतकी वर्षे नुसती ‘गावठी’ म्हणत आलो, ती आज देशाच्या नोंदवहीत ‘श्वेतकपिला’ या स्वतंत्र जातीच्या नावाने आहे. जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या गायीचा अभ्यास केला आणि कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची नोंदणी केली. त्याआधी कोकण आणि गोव्यातल्या ‘कोकण कपिला’ गायीलाही हा मान मिळाला होता. आपले इब्रामपूर गाव सिंधुदुर्गच्या हद्दीला लागूनच असल्याने दोन्ही नावे आपल्या घरचीच आहेत.

अशी नोंद होण्यापूर्वी संशोधकांना गावोगाव फिरावे लागते. उंची, लांबी, छातीचा घेर, शिंगांचे वळण, वशिंड, गळ्याखालची पोळी यांची मोजमापे घ्यावी लागतात. वेताचे दूध, त्यातले स्निग्धांश, दोन वेतांतले अंतर लिहून ठेवावे लागते. हे गुण पुढच्या पिढीत तसेच उतरतात का, आणि शेजारच्या जातींहून हा वंश वेगळा आहे का, हे पाहावे लागते. श्वेतकपिला नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी असते, पापण्यांचे केससुद्धा पांढरे. दिवसाला दोन-तीन लिटर दूध देते आणि ते दाट असते.

‘दोन-तीन लिटरने काय होणार?’ हा प्रश्न रास्त आहे. गाय पाळणाऱ्याला घर चालवायचे असते. 1967 साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना केली. उणे 196 अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेले होल्स्टीन आणि जर्सी वळूंचे वीर्य त्यांच्या संस्थेने शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचवले. त्यातून जन्मलेल्या संकरित गायींनी असंख्य कुटुंबांच्या हातात रोजचा पैसा दिला, हे उपकार विसरता येणार नाहीत. पण आनुवंशशास्त्र आणखी एक गोष्ट सांगते. दोन वेगळ्या वंशांच्या संकराचा जोम पहिल्या पिढीत पूर्ण दिसतो. संकरितांचा संकरितांशीच मेळ घातला, की पुढच्या पिढीत तो निम्म्यावर येतो. म्हणून संकर करायचा असला, तरी शुद्ध देशी वंश शिल्लक असावाच लागतो.

देशी गायीची ताकद तिच्या शरीरात आहे. वशिंडवाल्या गुरांच्या घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि अधिक असतात. शरीरात उष्णताही कमी तयार होते. त्यामुळे वैशाखातला उकाडा आणि मिरगानंतरचा दमट पाऊस ती सहज सोसतात. गोचिडांना आणि रोगांना ती सहजी बळी पडत नाहीत, डोंगरउतारावरच्या चाऱ्यावर भागवतात. हवामान दरवर्षी अधिक तापत असताना हे गुण दुधाच्या लिटरइतकेच मोलाचे आहेत.

आता एका वळूची गोष्ट सांगतो. अमेरिकेत 1962 साली जन्मलेल्या ‘पॉनी फार्म आर्लिंडा चीफ’ नावाच्या होल्स्टीन वळूला सोळा हजार मुली झाल्या. त्याच्या मुली भरपूर दूध देत, म्हणून त्याचे वीर्य जगभर वापरले गेले. कितीतरी वर्षांनी कळले की त्याच्या जनुकांत एक घातक बदल दडलेला होता. आई-बाप दोघांकडून तो बदल मिळालेला गर्भ पोटातच मरतो. त्यापायी जगभरात सुमारे पाच लाख गर्भपात झाले असावेत, असा 2016 साली संशोधकांनी अंदाज मांडला. एकाच बापाच्या रक्तावर सगळा कळप उभा केला, तर हा धोका अटळ असतो. ज्या गावात एकच वळू वर्षानुवर्षे आपल्याच लेकी-नातींना फळवत राहतो, तिथेही नियम हाच.

आपल्याकडे तर वळूच उरेनासे झाले आहेत. पॉवर टिलर आला, जोत बंद झाले, आणि पाड्याला किंमत राहिली नाही. जोत चालू होते तेव्हाही अंगाने उत्तम असलेला खोंड औताला जुंपण्यासाठी खच्ची केला जाई, आणि राहिलेला वंश पुढे नेई. गाय टिकवायची असेल, तर आधी चांगला पाडा टिकवला पाहिजे, हे या अंकाचे सांगणे आहे.

विज्ञान त्यासाठी हाताशी आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौचिप’चे लोकार्पण झाले. देशी गुरांच्या जनुकांची तपासणी करून वासरू लहान असतानाच त्याच्या गुणांचा अंदाज बांधायला तिची मदत होते. पण अशा तपासणीला जोड लागते ती गोठ्यातल्या वहीची: कोणाची गाय, कोणता वळू, कधी व्याली, किती दूध दिले. ही वही ज्याच्या घरी गाय आहे त्यानेच लिहायची आहे.

देशी दुधाला औषध ठरवणारे अवाजवी दावे या अंकात वाचकांना आढळणार नाहीत. गायीवरची माया खरी असेल, तर तिच्याविषयी खरेच बोलले पाहिजे. पशुवैद्य, शेतकरी आणि गोठा सांभाळणाऱ्या बायाबापड्यांनी आपले अनुभव याच भावनेने लिहिले आहेत. 

या पाडव्याला एक विनंती आहे. ज्यांच्या दावणीला गावठी पाडा आहे, त्यांनी तो विकण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा. ज्यांच्याकडे गाय आहे, त्यांनी आजपासून तिची वही लिहायला घ्यावी. आणि पंचायतीने गावासाठी निदान दोन निवडक, परस्परांच्या नात्यात नसलेले वळू राखावेत.