तसबिरीखालची पुस्तके उघडू या



आपल्या घराघरांत बाबासाहेबांची तसबीर असते आणि तिच्याखाली पुस्तकांची एक रांगही असते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपली माणसे भाकरी बांधून येतात, जाताना पुस्तके घेऊन जातात. याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण घेतलेली पुस्तके किती घरांत उघडली जातात? निवडणुकीत निळा झेंडा घेऊन दारात येणाऱ्या पुढाऱ्याला कोणता प्रश्न विचारायचा, हेच ठाऊक नसेल तर आपले मत स्वस्तात जाते. तो प्रश्न वाचनातून सुचतो. म्हणून या वेळी दोन पुस्तके आणि एक माहितीपट आम्ही सुचवीत आहोत.

पहिले पुस्तक बाबासाहेबांचे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’. त्याचा मराठी अनुवादही मिळतो. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेले हे निवेदन 1947 साली प्रसिद्ध झाले. पुस्तक लहान आहे, पण कामगाराच्या पोटाचा हिशेब त्यात आहे. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा सरकारच्याच हाती असावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावी, आणि हे सारे घटनेतच लिहावे, म्हणजे बदलत्या बहुमताला ते मोडता येणार नाही, अशी ही मांडणी आहे. पुढे 1956 साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. आज कारखाने विकले जातात, कायम नोकरीच्या जागी कंत्राट येते आणि त्याबरोबर राखीव जागाही आटतात. अशा वेळी ही पाने जुनी वाटत नाहीत.

दुसरे पुस्तक ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’. ते 1989 साली निघाले. आंबेडकरी चळवळीतल्या बायाबापड्यांना गाठून, त्यांना बोलते करून लेखिकांनी हा इतिहास उभा केला. जुलै 1942 मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची मोठी परिषद भरली होती, हे आपल्या किती मुलींना माहीत आहे? मोर्चात चाललेल्या, तुरुंगात गेलेल्या आज्या आपल्याही वस्तीत होत्या. त्या गेल्या आणि त्यांची साक्ष बरोबर गेली. ज्या राहिल्या आहेत त्यांचे बोलणे आताच लिहून घेतले पाहिजे.

माहितीपट आहे आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी लोक जमले, तेव्हा राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रण केले आणि 2011 साली चित्रपट पूर्ण झाला. न्यायासाठी वर्षानुवर्षे थांबलेली कुटुंबे त्यात दिसतात, तसे शाहिरांचे जलसेही ऐकू येतात. आपली मते कोण कशी वळवून घेतो, तेही दिसते. तीन तासांच्या आसपासचा हा चित्रपट दोन बैठकांत पाहावा. दु:खद प्रसंग आहेत, तेव्हा लहान मुलांना एकटे बसवू नये.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास काढा. शाळेतल्या मुलीने दोन पाने मोठ्याने वाचावीत, आजीने ऐकावीत आणि न समजलेला शब्द कोणीही न लाजता विचारावा. पुस्तके महाग वाटली तर पाच घरांनी मिळून एक संच घ्यावा. एक वही ठेवा, तीत प्रत्येक बैठकीचे प्रश्न लिहा आणि मते मागायला येणाऱ्या उमेदवारापुढे तीच वही उघडा.