ज्ञानभांडार आहे, वाचक कुठे आहे?

लोअर परळच्या रेल्वे पुलावरून सकाळी उतरणारी गर्दी एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्याच्या तालावर चालत असे. आज ती काचेच्या मनोऱ्यांकडे वळते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल, कार्यालये व निवासी संकुले उभी राहिली. या कायापालटात ग्रंथालयाच्या वाट्याला किती जागा आली, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

हा प्रश्न गिरणगावाला परका नाही. येथील प्रमुख रस्त्याला ज्यांचे नाव आहे, त्या ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. या संस्थेने कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये आणि फिरती ग्रंथालये चालविली. विचारसरणीचे मतभेद कितीही असोत, श्रमिकाला भाकरीइतकीच ग्रंथाचीही गरज असते, ही त्या पिढीची जाण वंदनीय आहे.

लोअर परळहून लोकलने चर्चगेट गाठून फोर्टकडे चालत गेले, की टाउन हॉलच्या भव्य पायऱ्या दिसतात. येथील एशियाटिक सोसायटीची मुळे १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापिलेल्या संस्थेत आहेत. एल्फिन्स्टनने दिलेले दान्तेच्या महाकाव्याचे हस्तलिखित येथे आहे आणि त्याची चर्चा नेहमीच होते. परंतु महाभारताच्या आरण्यक पर्वाची १५१६ मधील सचित्र पोथीही याच संग्रहात आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या स्तूपातून उजेडात आणलेले बौद्ध अवशेषही येथेच आहेत. दान्तेविषयी ऐकलेल्या किती मुंबईकरांना या दोन ठेव्यांची माहिती आहे?

या संस्थेत पहिल्या भारतीयाला, माणकजी करसेटजी यांना, प्रवेश मिळायला १८४० साल उजाडावे लागले. ज्यांच्या पूर्वजांचे ज्ञान संकलित होत होते, त्यांनाच दार बंद होते! पुढे मात्र डॉ. भाऊ दाजी लाड आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्यासारख्या विद्वानांनी तेथे आपल्या व्यासंगाचा ठसा उमटविला. स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाबरोबरच मुंबईतही जमा करणे बंधनकारक झाले. राष्ट्राच्या स्मृतीचा एक कोश या महानगराकडे सोपविला गेला.

मराठी मनाचा असाच कोश दादरला आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने मराठीतील आद्य मुद्रित ग्रंथ जपले. त्याच्याच मराठी संशोधन मंडळात अ. का. प्रियोळकरांनी संशोधनाची शिस्त रुजविली. लोअर परळपासून हे अंतर किती? हाकेचेच. तरीही मॉलच्या सरकत्या जिन्यावर सहज चढणारे पाऊल ग्रंथालयाच्या पायरीपाशी अडखळते.

बाराव्या शतकाच्या अखेरीस परकीय आक्रमणात मगधातील विहार आणि ग्रंथसंपदा उद्ध्वस्त झाली. त्या विध्वंसाचे दुःख आपण आजही बाळगतो, आणि ते बाळगलेच पाहिजे. परंतु आक्रमकाच्या हातून न जळालेला ग्रंथ स्वकीयांच्या उपेक्षेने कसरीच्या तोंडी जात असेल, तर दोष कोणाला द्यायचा? शासनाने अनुदान वेळेवर द्यावे, महापालिकेने गिरणगावात वाचनालयाला जागा द्यावी, ही मागणी रास्तच आहे. मात्र अनुदानाने कपाटे भरतात, वाचक घडत नाहीत. वाचक घरात घडतो.

म्हणूनच प्रत्येक कार्यकर्त्याने आणि प्रत्येक कुटुंबाने एखाद्या ग्रंथालयाचे सभासदत्व घ्यावे. वस्तीतील मुलांना वर्षातून एकदा तरी टाउन हॉलच्या त्या पायऱ्या चढवून न्यावे. आपल्या वारशाचा अभिमान सांगणाऱ्याने तो वारसा एकदा तरी उघडून वाचलेला असावा. सरस्वतीची पूजा वर्षातून एक दिवस होते. तिची उपासना मात्र नित्याचीच असावी लागते.