नाक दाबण्याची विद्या

आपल्याकडे महासत्ता होण्याची तारीख कायम ठरलेली असते. आधी 2020 होती, ती बिनबोभाट टळली. आता 2047 धरली आहे. व्याख्यानमालेत, लग्नाच्या पंगतीत, सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या कट्ट्यावर मला भेटणारे तमाम महासत्ताभक्त पुरावे देतात ते क्षेपणास्त्रांचे आणि चांद्रयानाचे. क्षेपणास्त्रे उत्तर कोरियाकडेही आहेत, त्याला कोणी महासत्ता म्हणत नाही. नाक दाबले की तोंड उघडते, हे ज्याला परराष्ट्र धोरण म्हणून वर्षानुवर्षे राबवता येते, तो देश महासत्ता. आणि दाबण्याआधी समोरच्याचे नाक हाताशी यावे लागते. ते लढाईने क्वचितच येते. बहुधा उपकाराने येते.

आठवून पाहा. 1954 मध्ये अमेरिकेने पब्लिक लॉ 480 हा कायदा केला. आपण अजून त्याला ‘मदत’ म्हणतो. तिकडे गव्हाची कोठारे ओसंडत होती, भाव पडत होते. जास्तीचा माल खपवायचा आणि परदेशात बाजारपेठ वाढवायची, हे त्या कायद्यातच लिहिले होते. भारताने 1956 मध्ये करार केला. डॉलर नकोत, रुपये चालतील! इतका प्रेमळ सावकार कुणाला नको असेल? ते रुपये इथेच अमेरिकेच्या खात्यात साचत गेले. 1962 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस त्याच रुपयांतून मराठीसह अनेक भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवू लागली. आपण रेशनच्या रांगेत उभे राहून लाल गहू आणला, त्याच्या चिवट पोळ्या नावे ठेवत खाल्ल्या; त्यांनी त्या पैशांत आपल्याला वाचून काढले. व्यवहार कुणाला फळला, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

पुढे 1965 आणि 1966 अशी दोन वर्षे पावसाने दगा दिला. 1966 मध्ये सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. जहाज बंदरात लागावे आणि देशाने जेवावे, अशी गत. नेमक्या त्या वेळी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लांब मुदतीचे करार बाजूला ठेवून गहू थोडा थोडा सोडायला सुरुवात केली. किती आणि केव्हा सोडायचा, यात ते जातीने लक्ष घालत. शेतीचे धोरण बदला आणि व्हिएतनामवर आम्हाला उपदेश करू नका, हा त्यातला मथितार्थ. 6 जून 1966 रोजी डॉलरचा दर 4.76 रुपयांवरून 7.50 वर गेला, तोही वॉशिंग्टन आणि जागतिक बँकेच्या रेट्याने. एक गोळी सुटली नाही.

हे फक्त गरिबांच्या वाट्याला येते, असेही नाही. 1956 मध्ये सुएझ कालव्यासाठी ब्रिटनने इजिप्तवर फौजा घातल्या, तेव्हा पौंड गडगडू लागला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सख्ख्या दोस्ताला सांगितले: आधी युद्ध थांबवा, मग पैशाचे बोलू. ब्रिटनने युद्ध थांबवले, आणि जानेवारीत पंतप्रधान ईडन घरी गेले. एका साम्राज्याची सद्दी संपली ती बँकेच्या दारात.

आज गव्हाची जागा डॉलरने घेतली आहे. अमेरिकेचे निर्बंध असलेल्या सुदान, इराण, क्युबाशी व्यवहार केले म्हणून 2014 मध्ये बीएनपी परिबा या फ्रेंच बँकेला अमेरिकेने जवळपास 9 अब्ज डॉलर भरायला लावले. बँक फ्रेंच, गिऱ्हाईक सुदानी, मग अमेरिकेचा संबंध काय? डॉलरचे पैसे न्यूयॉर्कमार्गे फिरतात, एवढाच. इराणचे तेल आपल्याला जवळ होते, सवलतीत मिळत होते. अमेरिकेने निर्बंधांतून दिलेली सूट संपवली आणि मे 2019 पासून आपण ते घेणे थांबवले. सार्वभौमत्वाची भाषणे मात्र चालूच राहिली.

चीन हीच विद्या शिकला. दुर्मीळ मृदा धातूंचे प्रदूषण करणारे शुद्धीकरण जगाने आनंदाने त्याच्या गळ्यात घातले. स्वस्त पडत होते ना! एप्रिल 2025 मध्ये त्याने त्या धातूंपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि पार पुण्या-चाकणच्या विजेवरच्या दुचाकी बनवणाऱ्यांना घाम फुटला.

आता आपली करामत पाहा. 2015 मध्ये नेपाळने नवी राज्यघटना केली, ती आपल्याला रुचली नाही, आणि रक्सौल-बीरगंजच्या नाक्यावर इंधनाचे टँकर अडकून पडले. दिल्लीने नाकेबंदी नाकारली, नेपाळमधल्याच मधेशी आंदोलकांकडे बोट दाखवले. काठमांडूत चुलीला गॅस नव्हता, तिथे तो खुलासा कुणाला पटणार? मार्च 2016 मध्ये नेपाळने चीनशी माल वाहतुकीचा करार केला. बळी तो कान पिळी खरे. पण आपण कान पिळायला गेलो आणि कानाचा मालक शेजारच्या दुकानात गेला.

म्हणून महासत्तेचा जप करणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. जगाची अशी कोणती गरज आहे, जी आपल्यावाचून महिनाभर अडेल? नाव सांगता येत नसेल तर 2047 च्या गप्पा आवरा आणि चुंबक, औषधांचा कच्चा माल, चिप यांपैकी काहीतरी इथे बनवायला लागा. दुसऱ्याचे नाक दाबायचे पुढे बघू. आपले नाक कुणाकुणाच्या चिमटीत आहे, त्याची यादी आधी करा.