मसादा: चोर सोडून संन्याशाला फाशी

‘मसादा’ या अमेरिकी मालिकेवरचा सर्वांत मोठा राग निघतो तो सिल्वाच्या प्रेमप्रकरणावर. एबीसी वाहिनीने एप्रिल १९८१मध्ये सलग चार रात्री दाखवलेली ही मालिका. मृत समुद्राकाठच्या एकाकी कड्यावर बायकापोरांसह चढून बसलेले ज्यू बंडखोर, आणि खाली तापलेल्या रेताडात रोमची दहावी लीजन. पीटर ओ’टूल रोमन सेनापती फ्लाव्हियस सिल्वा, पीटर स्ट्रॉस बंडखोरांचा म्होरक्या एलाझार बेन याईर. आक्षेपक विचारतात, या सिल्वाला शेवा नावाची ज्यू प्रेयसी मिळाली कुठून?

कादंबरीकाराच्या आणि पटकथाकाराच्या टेबलावरून मिळाली, आणखी कुठून? मालिका अर्नेस्ट गॅनच्या कादंबरीवर बेतलेली आहे, हे कोणी लपवलेले नाही. सिल्वा संध्याकाळी तंबूत काय करत होता, याविषयी इतिहास मौन धरून आहे. जिथे पुरावाच नाही तिथली कल्पना खोटी ठरत नाही; फार तर कंटाळवाणी ठरते. इथे ती थोडी ठरतेही. ज्यू कैद्यांना यंत्रात घालून गडाकडे भिरकावणाऱ्या रोमन सिनेटर फाल्कोची गोष्टही तशीच. तिला आधार नाही, पण डेव्हिड वॉर्नरने तो माणूस असा काही उभा केला की त्याला एमी पुरस्कार मिळाला. या दोघांवर शाई आटवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आग लागली आहे ती एन गेदीला. मसादाच्या उत्तरेला, त्याच किनाऱ्यावर हे गोड्या पाण्याचे गाव आहे. या वेढ्याची हकीगत सांगणारा एकमेव प्राचीन इतिहासकार जोसेफस. मसादावरच्या लोकांना तो सिकारी म्हणतो, म्हणजे कट्यारवाले. याच लोकांनी वल्हांडणाच्या सणात एन गेदीवर धाड घातली आणि सातशेहून अधिक बायका-मुले मारली, असे तो लिहितो. मारलेले रोमन नव्हते, ज्यूच होते. मालिकेतला एलाझार रोमनांच्या ताब्यातल्या ठाण्यांवर छापे घालतो, स्वातंत्र्याची भाषा बोलतो. ही कत्तल त्याच्या वाट्याला येत नाही. प्रेयसी घालणे ही भर आहे. सातशे प्रेते उचलून बाजूला ठेवणे ही लबाडी आहे. आणि आमचे पंडित भरीवर तुटून पडतात!

दुसरा पक्ष भक्तांचा. त्यांच्या लेखी एलाझारचे शेवटचे भाषण आणि ९६० माणसांचे सामुदायिक मरण हा जसाच्या तसा इतिहास आहे. जोसेफस तेव्हा मसादावर नव्हता, हे ते विसरतात. तो मूळचा ज्यू सेनानी. योतापाताच्या वेढ्यात त्याचे सोबती गुहेत चिठ्ठ्या टाकून एकमेकांना मारत गेले. हा उरला आणि रोमनांच्या स्वाधीन झाला. पुढे सम्राटाच्या आश्रयाला राहून त्याने ग्रीकमध्ये ग्रंथ लिहिला. मसादावरही त्याने चिठ्ठ्याच टाकायला लावल्या: दहा जणांनी बाकीच्यांना मारायचे, मग दहांतल्या एकाने उरलेल्या नवांना. जगल्या दोन बायका आणि पाच मुले, तीही पाण्याच्या भुयारी वाटेत लपून. त्यांच्या तोंडून एवढे लांबलचक, तत्त्वज्ञानाने ओथंबलेले भाषण बाहेर आले म्हणे! आपल्याला गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे या भाषणात एलाझार हिंदुस्थानातल्या ज्ञानी लोकांचा दाखला देतो. ते कसे हसतमुखाने अग्नीत देह टाकतात, ते सांगतो. हे मसादावरच्या बंडखोराचे बोलणे वाटते, की ग्रीक ग्रंथ चाळलेल्या लेखकाचे?

इस्रायली पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीनने १९६३ ते १९६५ या काळात मसादावर उत्खनन केले. नावे लिहिलेली खापरे मिळाली, त्यांतल्या एकावर ‘बेन याईर’ आहे. पण ९६० माणसांचे सांगाडे मिळाले नाहीत. थोडेफार मिळाले, त्यांच्यावरून वाद आजही चालू आहे. तेव्हा मालिकेने इतिहास बिघडवला म्हणणारे आणि मालिकेने इतिहास दाखवला म्हणणारे, दोघेही एका नाटकाला दस्तऐवज समजून भांडत आहेत.

मग मी या मालिकेची बाजू का घेतो? वेढा म्हणजे काम, हे तिने दाखवले म्हणून. आपल्या डोक्यातला वेढा म्हणजे तोफा, शिड्या आणि हर हर महादेव. पुरंदरच्या वेढ्यात मिर्झाराजांनी लाकडी दमदमे चढवले, हे वाचताना त्यांचे ओंडके कोणी वाहिले, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. मसादाला तो पडतोच. जवळपास झरा नाही; पाणी आणि धान्य लांबून आणायचे, आणि तेही ज्यू कैद्यांच्या पाठीवर, असे जोसेफसच सांगतो. गडाच्या पश्चिमेला एक नैसर्गिक सोंड होती. तिच्यावर माती-दगडांची भर घालून उतार तटापर्यंत नेला आणि त्यावरून लोखंडाने मढवलेला बुरूज वर चढवला. मालिकेचे चित्रीकरण त्याच प्रदेशात झाले. ऊन खरे, धूळ खरी. उताराची उंची थोडी थोडी वाढताना दिसते, आणि अँथनी क्वेलचा म्हातारा अभियंता तिच्याकडे गवंड्याच्या डोळ्यांनी बघतो. सिल्वाही मोहिमेवरच्या वीरापेक्षा अडकलेल्या कंत्राटदारासारखा वागतो: माणसे कंटाळलीत, पाणी कमी आहे, वरून रोम घाई करतोय.

इथेही एक खोट आहे, ती मान्य करतो. हे काम मालिका फार लांबवते. २०२४मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी वेढ्याच्या भिंतीचे हवाई मोजमाप करून हिशेब मांडला. पाचेक हजार माणसे असतील तर भिंत दोनेक आठवड्यांत उभी राहते आणि सगळा वेढा काही आठवड्यांत आटोपतो. आक्षेपकांनी ही चूक हातात घेतली असती तर मी गप्प बसलो असतो.

शेवटी रोमन वर चढतात. जोसेफसच्या वर्णनात ते लढाईच्या तयारीने आत शिरतात आणि समोर सामसूम. हाका मारतात, तेव्हा त्या दोन बायका भुयारातून बाहेर येतात. ओ’टूलचा सिल्वा त्या प्रेतांमध्ये उभा राहतो, आणि त्याच्या मागे, उन्हात, तो उतार तसाच पडलेला असतो. आता त्यावरून कोणाला वर जायचे नसते.