बोलका पेला

आजवर मी दोनच गोष्टींची परीक्षणं करीत आलो : पुस्तकांची आणि उत्तरपत्रिकांची. पहिल्याचं मानधन मिळत नाही आणि दुसऱ्याचं मिळतं ते सांगण्यासारखं नसतं. यंदा त्यात तिसऱ्या गोष्टीची भर पडली. ती म्हणजे बीअर. फराळाच्या ताटाशेजारी उघडल्या जाणाऱ्या या पानावर हा विषय काढावा की नाही, याबद्दल आमच्या घरात थोडा खल झाला. सौ. म्हणाली, "लिहा की. मीही होतेच तिथे. फक्त मी किती घोट घेतले ते लिहू नका." तेव्हा ते लिहीत नाही.

स्थळ : बेल्जियममधलं अँटवर्प शहर. माझा एक वर्गमित्र तिथल्या बंदरात इंजिनियर आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उभयता आणि आमचा तिसरा जुना सोबती त्याच्या घरी जाऊन थडकलो. हा तिसरा पेशाने वकील. नावं कशाला हवीत? इंजिनियर आणि वकील एवढं पुरे.

वकिलाबद्दल एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे, आणि ती सांगायला त्याची परवानगी आहे. सात वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली. त्याच्या आधीची तीन वर्षं फार वाईट गेली होती. कोर्टातल्या तारखा चुकल्या, घरात अबोला झाला, शेवटी इस्पितळात पंधरा दिवस काढावे लागले. तेव्हापासून थेंबसुद्धा नाही. त्यामुळे आम्ही येणार म्हटल्यावर इंजिनियरने घरातल्या बाटल्या तळघरात नेऊन ठेवल्या होत्या आणि फ्रीजमध्ये ओळीने सरबतं मांडली होती. ते पाहून वकीलच उखडला.

"अरे, बेल्जियममध्ये येऊन तुम्ही माझ्यापायी लिंबूसरबत पिणार? बाटल्या वर आण. तुम्ही प्या, मी वास घेतो. कुणीतरी निःपक्षपाती नको का?"

स्वयंपाकघरात इंजिनियरच्या बायकोने सौ.ला हळूच विचारलं, "भावोजींना चालेल ना हे?" सौ.कडे त्याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

मग नियम ठरले. प्रत्येकाने आपला अभिप्राय आधी कागदावर लिहायचा आणि मगच तोंड उघडायचं. दहापैकी गुण द्यायचे. आणि माझी एक अट : शब्द मराठीच हवेत, तेही स्वयंपाकघरातले चालतील, पण परीक्षणातले चालणार नाहीत. 'आस्वाद्य', 'अनुभवसमृद्ध' असलं काही लिहिलं की गुण कापले जातील. पुस्तकांच्या बाबतीत आम्ही मास्तर लोक हे शब्द बिनदिक्कत वापरतो, कारण पुस्तक काही तक्रार करायला येत नाही. घोट मात्र जिभेवर असतो. तिथे खोटं लगेच उघडं पडतं.

आम्ही ज्या जातीची बीअर चाखायला बसलो होतो तिला इंग्रजीत 'अंबर एल' म्हणतात. आमच्याकडे अंबर म्हणजे आकाश, नाहीतर वस्त्र. पीतांबरातलं ते अंबर. इंग्रजांचा अंबर वेगळा. झाडाचा डिंक युगानुयुगं जमिनीत राहून त्याचा जो पिवळसर-तांबूस खडा होतो, तो. याला आपल्याकडे तृणमणी असा सुरेख शब्द आहे. लोकरीवर घासला की हा खडा गवताची काडी ओढून घेतो, म्हणून तृणमणी. ग्रीक लोक त्यालाच 'इलेक्ट्रॉन' म्हणत, आणि 'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द त्यातूनच आला. हे मी सांगत असताना इंजिनियरने जांभई दिली, म्हणून पुढचं सांगायचं राहिलं.

पहिली बाटली अँटवर्पचीच, 'डे कोनिंक'. या कारखान्याची सुरुवात १८३३ सालची, एका खानावळीपासून. २०१० साली एका मोठ्या बेल्जियन बीअर कंपनीने तो विकत घेतला, तरी गावकऱ्यांच्या लेखी ही बीअर गावाचीच. तिच्या चिन्हावर एक उघडा पंजा आहे. पंजा आणि हे गाव यांचं नातं जुनं. दंतकथा अशी की, इथल्या स्खेल्ड नदीवर अँटिगोन नावाचा एक राक्षस नावाड्यांकडून जकात वसूल करी आणि जो देणार नाही त्याचा हात तोडी. ब्राबो नावाच्या रोमन वीराने त्याला मारलं, त्याचाच हात तोडला आणि नदीत भिरकावला. हात फेकला, 'हांट वेर्पन', म्हणून अँटवर्प! भाषेचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानीत नाहीत. मीही मानीत नाही. पण मुख्य चौकात त्या हात फेकणाऱ्याचा पुतळा पाहिल्यावर वाटतं, अभ्यासकांनी थोडं सबुरीने घ्यावं.

ही बीअर पाय असलेल्या गोल, गुबगुबीत पेल्यातून देतात. त्या पेल्याचं नाव साधारण 'बोलके' असं कानी पडतं. अर्थ छोटा गोळा. गावात कुणी बीअरचं नाव घेत नाही. नुसतं 'एक बोलके' म्हणायचं, की समोर डे कोनिंक येते. जसं आपण 'एक कटिंग' म्हणतो आणि चहाचं नाव घ्यावं लागत नाही. मला मात्र त्या मराठी कानाला पेला खरोखरच बोलका वाटला.

रंग तांबूस, वर साबणाच्या फेसासारखा दाट पांढरा थर. हा फेस आपल्याकडे चमच्याने बाजूला सारतात, इथे त्याच्यावाचून पेला अर्धवट समजतात. मद्याचं प्रमाण ५.२ टक्के, म्हणजे बेल्जियमच्या मानाने बेताचंच. इंजिनियरने कृती समजावली. जव भिजत घालायचे, मोड आणायचे, वाळवायचे आणि भट्टीत भाजायचे. हलके भाजले तर बीअर सोनेरी, अंमळ जास्त भाजले तर तृणमणी, करपवले तर काळी. मग ते भरडून गरम पाण्यात त्यांचा गोड अर्क काढायचा, हॉप नावाच्या वेलीची फुलं टाकून उकळायचा. कडवटपणा त्या फुलांचा. शेवटी यीस्ट घालून आंबवायचा. लागर बीअर थंडाईत आंबवतात, एल उबेत. म्हणून एलमध्ये पिकल्या फळांचा वास उतरतो.

"म्हणजे भाजणीच की!" वहिनी म्हणाल्या.

वहिनींचं हे वाक्य त्या संध्याकाळचं पहिलं खरं परीक्षण. चकलीची भाजणी खमंग भाजली की घरभर जो वास सुटतो, तोच या पेल्याच्या तळाशी आहे. माझ्या कागदावर होतं : 'भाजणी, पोळीचा कडेचा भाग, मागून किंचित कडू, संत्र्याच्या सालीसारखं.' सौ.ने लिहिलं होतं : 'आधी बरी, मग काढा.' इंजिनियरने 'उत्तम' एवढाच शब्द लिहिला, त्याचे दोन गुण कापले. वकिलाने पेला नाकाशी नेला, एकदाच हुंगला आणि लिहिलं : 'पावाची भट्टी, पहाटे.' पेला लगेच परत सरकवला.

या जातीच्या बीअरमागे थोडा स्वाभिमानही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची एल आणि जर्मन-बोहेमियन लागर यांनी बेल्जियमची बाजारपेठ काबीज करायला घेतली, तेव्हा देशी कारखानदारांनी आपली अशी एक चांगली तांबूस बीअर असावी म्हणून खटपट केली. तिला 'स्पेस्याल बेल्ज' म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने कारखान्यांतली तांब्याची भांडी उचलून नेली. मग १९१९ मध्ये सरकारने कायदा करून गुत्त्यांतून कडक दारू विकायला बंदी घातली. गिऱ्हाईकाला तर काहीतरी जोरकस हवं होतं. परिणाम असा की बीअरच जोरकस होत गेली. हा कायदा १९८३ पर्यंत टिकला. यावर वकील म्हणाला, "आमचा १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. परवान्याशिवाय पिता येत नाही. मी पीत होतो तेव्हा माझ्याकडे परवाना कधीच नव्हता. आता काढावा म्हणतो, वास घेण्यापुरता."

हसलो सगळे. पण जरा जपूनच.

दुसरी बीअर 'ऑर्व्हाल'. ही दक्षिणेकडच्या, फ्रान्सच्या सरहद्दीजवळच्या एका ख्रिस्ती मठात होते. मठ बाराव्या शतकातला. १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने तो जाळला आणि पुढं सव्वाशेहून अधिक वर्षं नुसते अवशेष उरले. १९२६ पासून तो पुन्हा बांधायला घेतला आणि बांधकामाला पैसे हवेत म्हणून १९३१ मध्ये बीअरचा कारखाना काढला. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी आपल्याकडे पावतीपुस्तकं फिरतात. तिकडे ही रीत.

बाटलीवर चित्र : तोंडात अंगठी धरलेला मासा. मी ताडकन उठून बसलो. कथा अशी : टस्कनीची मॅटिल्डा ही विधवा सरदारीण इथल्या झऱ्याकाठी बसली असताना तिची लग्नाची अंगठी पाण्यात पडली. तिने देवाची करुणा भाकली आणि एका ट्राउट माशाने अंगठी वर आणून दिली. ही दरी खरोखर सोन्याची, असं ती म्हणाली. 'व्हाल दॉर', तेच उलटून ऑर्व्हाल. मराठीच्या मास्तराला इथे दुसरं काय आठवणार? आपल्या शकुंतलेचीही अंगठी पाण्यातच पडली आणि माशाच्याच पोटात निघाली. फरक एवढाच की बेल्जियमचा मासा आपण होऊन अंगठी परत करतो. आपल्याकडे माशाचा जीव जातो आणि अंगठी विकायला निघालेल्या कोळ्याला शिपाई चोर म्हणून बांधून नेतात. आणि मंडळी, शाकुंतलाच्या सहाव्या अंकाआधीच्या त्या प्रवेशाचा शेवट आठवतो का? कोळी निर्दोष ठरतो, राजाकडून बक्षीस मिळतं, त्यातलं अर्धं तो शिपायांना देतो. आणि ज्यांनी त्याला मघाशी मारायला काढलं होतं, ते नव्या मैत्रीला मद्य साक्षी ठेवायला म्हणून त्याच्यासकट दारूच्या दुकानाकडे निघतात. वर्गात हा भाग आम्ही जरा भरभर शिकवतो.

ऑर्व्हालची खुबी पुढेच आहे. बाटली भरताना तीत एक जंगली यीस्ट घालतात. त्याचं नाव ब्रेटानोमायसेस, म्हणजे 'ब्रिटिश बुरशी'. नेहमीच्या यीस्टला जी साखर पचत नाही, ती हे महिनोन्‌महिने सावकाश खात बसतं. त्यामुळे एकच बीअर दोन महिन्यांची वेगळी आणि दोन वर्षांची अगदीच वेगळी. बाटली भरल्याची तारीख लेबलवर छापलेली असते. इंजिनियरने एक ताजी आणि एक तळघरात दोन वर्षं ठेवलेली अशा दोन्ही आणल्या. ओतायची पद्धत अशी : फार थंड नको, पेला तिरका धरायचा, बाटली हलवायची नाही आणि तळाचा गाळ बोटभर मागे ठेवायचा. अगदी तुपाची बेरी मागे ठेवतो तसं.

ताजी ऑर्व्हाल फुलांच्या वासाची, चांगलीच कडू. कोवळ्या कारल्यासारखी, पण ताजी. सौ.ने पेला खाली ठेवला आणि चकली उचलली. वहिनींना आवडली.

मग जुनी आली. वकिलाने पेला घेतला. या वेळी दोन्ही हातांत. नाकाशी नेला आणि तिथेच धरला. एकदा हुंगून तो थांबला नाही. इंजिनियर खिडकीबाहेर पाहू लागला. वहिनींच्या हातात चकल्यांचं ताट होतं ते तसंच राहिलं. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो, आणि मी पाहतोय हे त्याला कळत होतं. मग त्याने पेला ठेवला, कागद ओढला आणि भराभर लिहिलं :

'पावसाळ्यात बंद राहिलेलं वकिलाचं ऑफिस. चामडी बांधणीची पुस्तकं. बाहेर टांगा उभा, घोडा घामेजलेला. टेबलावर कुणी लिंबाची साल विसरलंय. गोड काही शिल्लक नाही.'

इंजिनियर थक्क झाला. इंग्रज जाणकार या वासाला 'घोड्याच्या झुलीचा वास' म्हणतात, हे वकिलाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"तुला एवढं कसं कळतं रे?" मी विचारलं.

"मी प्यायचो तेव्हा वास कधी घेतलाच नाही," तो म्हणाला. "नुसतं ओतत होतो. आता हा पेला तिकडे ने. पुरे झालं."

इंजिनियरने पेला आत नेला. वकील गॅलरीत जाऊन उभा राहिला. सौ. त्याच्यासाठी चहा घेऊन गेली आणि बराच वेळ दोघं खालच्या रस्त्यावरच्या ट्रामकडे बघत होती. आत आम्ही उरलेली जुनी ऑर्व्हाल प्यायलो. चव सुकी, आंबूस, तुरट; वकिलाच्या कागदात सांगितलं होतं त्यापलीकडे मला तीत काही सापडलं नाही.

निकाल असा : डे कोनिंकला माझे सात, ताज्या ऑर्व्हालला सहा, जुनीला आठ. सौ.चे अनुक्रमे पाच, दोन आणि शून्य. वहिनींनी ताज्या ऑर्व्हालला नऊ दिले. वकिलाने गुण द्यायला नकार दिला. चाखल्याशिवाय निकाल देता येत नाही, म्हणाला. आपण फक्त निरीक्षण नोंदवलं आहे.

त्याचा तो कागद मी मागून घेतला. कॉलेज सुरू झाल्यावर समीक्षेच्या तासाला, कशाबद्दल आहे ते न सांगता, मी तो वाचून दाखवला आणि मुलांना ओळखायला सांगितलं. एक मुलगी म्हणाली, जुनं ग्रंथालय. दुसरीला वाटलं, कुणाच्या तरी आजोबांबद्दल आहे. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, बीअर." त्याला कसं कळलं, ते मी विचारलं नाही.