मान मिळाला, धनाचं काय?

या वेळचं संपादकीय गॉल्फ खेळणाऱ्या एका बाईविषयी लिहिणार, असं बैठकीत सांगितल्यावर दोघी-तिघी हसल्याच. "गॉल्फ? तो तर साहेब लोकांचा खेळ!" त्यांचं म्हणणं काही खोटं नाही. शंभर-दीडशे एकरांची हिरवळ, तिला रोज पाणी, क्लबाची भारी वर्गणी आणि पिशवी वाहायला मागे एक माणूस. आपल्या वस्तीतल्या, पाड्यावरच्या बाईचा या खेळाशी संबंध आला तर तो तिथलं गवत खुरपण्यापुरता.

तरीही अल्थिया गिब्सनची हकीगत तुमच्यापुढे ठेवावीशी वाटते. ती अमेरिकेतली. तिचं नाव टेनिससाठी घेतलं जातं, पण तिच्या आयुष्याची अवघड चौदा वर्षं गॉल्फच्या मैदानावर गेली. बाईच्या कामाला मान द्यायचा आणि दाम मात्र द्यायचा नाही, या रीतीचा सगळा हिशेब तिच्या आयुष्यात लिहिलेला आहे.

अल्थियाचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ चा, दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या सिल्व्हर या खेड्यातला. आईवडील काळे, दुसऱ्याची कापसाची जमीन बटईनं कसणारे. ती लहान असतानाच कुटुंब पोट भरायला न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आलं. वडील मारकुटे. ती शाळा चुकवायची, घरातून पळायची. मारहाण झालेल्या मुलांसाठीच्या आश्रयगृहातही ती जाऊन राहिली. आज अशी मुलगी आपल्याकडे आली तर तिच्या फाइलवर आपण काय शेरा मारू, याचा विचार माझ्या क्षेत्रातल्या मैत्रिणींनी जरूर करावा.

हार्लेममध्ये काही रस्ते ठरावीक वेळी वाहनांना बंद करून मुलांना खेळायला मोकळे ठेवत. तिथे अल्थिया लाकडी फळीचं टेनिस खेळायला लागली. तिचा हात पाहून शेजाऱ्यांनी वर्गणी काढली आणि तिला काळ्यांच्या टेनिस क्लबात शिकायला घातलं. पुढे दक्षिणेतल्या दोन काळ्या डॉक्टरांनी, ह्यूबर्ट ईटन आणि वॉल्टर जॉन्सन यांनी, तिला आपल्या घरात ठेवून घेतलं, खेळवलं आणि सुटलेली शाळाही पुरी करायला लावली. १९५३ मध्ये ती पदवीधर झाली. एकेकटीच्या जिद्दीच्या कथा आपल्याला फार सांगितल्या जातात. इथे जिद्द होतीच, पण तिच्यामागे एक अख्खा समाज उभा होता, हेही ध्यानात घेऊ या.

गोऱ्यांच्या टेनिसचं दार मात्र बंद होतं. १९५० मध्ये अ‍ॅलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीनं एका टेनिस मासिकात उघड पत्र लिहून आपल्याच लोकांना जाब विचारला, आणि त्याच वर्षी अल्थिया अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तिथे खेळणारी ती पहिली काळी खेळाडू.

१९५५ च्या अखेरीस अमेरिकी सरकारनं सदिच्छा दौऱ्यावर म्हणून तिला आशियात पाठवलं. त्या दौऱ्यात ती भारतातही खेळून गेली. त्याच डिसेंबरात रोझा पार्क्सनं माँटगोमेरी शहरात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायचं नाकारलं होतं. घरात काळ्या बाईला बसायला जागा द्यायची नाही आणि जगापुढे मात्र काळी विजेती मिरवायची, असा हा प्रकार. भारतातच तिची अँजेला बक्स्टन या ब्रिटिश ज्यू खेळाडूशी ओळख वाढली. एक काळी, एक ज्यू. दोघींनाही क्लबांचे बंद दरवाजे ठाऊक. १९५६ मध्ये दोघींनी मिळून फ्रान्सची आणि विम्बल्डनची दुहेरी स्पर्धा जिंकली. अँजेलाचं नाव लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

१९५७ मध्ये अल्थियानं विम्बल्डन जिंकलं. राणी एलिझाबेथनं स्वतः बक्षीस दिलं. न्यूयॉर्कनं तिची मिरवणूक काढली, उंच इमारतींवरून कागदाच्या फितींचा पाऊस पडला. त्याच वर्षी तिनं अमेरिकेची स्पर्धा जिंकली आणि १९५८ मध्ये दोन्ही स्पर्धा पुन्हा जिंकल्या. जगात पहिला क्रमांक!

आणि हातात पैसा? शून्य. मोठ्या टेनिस स्पर्धा तेव्हा हौशी खेळाडूंच्या होत्या. खेळाडूनं खेळावरील प्रेमापोटी खेळायचं, प्रवासखर्च घ्यायचा, बक्षिसाची रक्कम घ्यायची नाही. हा नियम उदात्त वाटतो. पण बापजाद्यांची इस्टेट असलेल्यांनाच तो परवडतो. बटईदाराच्या मुलीनं काय खायचं?

म्हणून एकतिसाव्या वर्षी, ऐन भरात असताना, ती हौशी टेनिसमधून बाहेर पडली. बायकांसाठी धंदेवाईक टेनिसचा फड तेव्हा नव्हताच. तिनं बास्केटबॉलच्या सामन्यांआधी दाखवण्याचे टेनिस सामने खेळले, गाण्यांची तबकडी काढली, चित्रपटात मोलकरणीची भूमिका केली. त्या भूमिकेतली काळ्यांची टिंगल करणारी बोली मात्र तिनं बोलायला नकार दिला. आणि शेवटी ती गॉल्फकडे वळली, कारण तिथे बायकांना बक्षिसाचे पैसे मिळत होते.

महिला व्यावसायिक गॉल्फपटूंची संघटना १९५० मध्ये तेरा जणींनी उभी केली होती. सुरुवातीला मैदान आखण्यापासून प्रसिद्धीपर्यंतची कामं त्या स्वतःच करत. पुरुषांच्या संघटनेच्या घटनेत "फक्त गोऱ्यांसाठी" हे कलम १९६१ पर्यंत होतं. बायकांनी असं कलम आपल्या घटनेत कधी घातलं नाही, हे त्यांच्या श्रेयाचं. १९६४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, अल्थिया या संघटनेच्या स्पर्धांतून खेळणारी पहिली काळी स्त्री ठरली.

पण घटनेत कलम नसलं म्हणून मैदान मोकळं होत नाही. स्पर्धा खासगी क्लबांच्या मैदानांवर होत आणि क्लब गोऱ्यांचे. कुठे तिला क्लबाच्या इमारतीत शिरू देत नसत, कुठे बूट-कपडे गाडीतच बदलावे लागत. गॉल्फ हा सरावाचा खेळ. ज्याला क्लबाचं सभासदत्व त्याला रोजचा सराव. ज्या वयात बाकीच्या जणी हिरवळीवर हात बसवत होत्या, त्या वयात अल्थियाला हार्लेमचा डांबरी रस्ता मिळाला होता.

या धंद्याचं अर्थकारणही समजून घ्यायला हवं. गॉल्फपटू कुणाची नोकर नसते. प्रवेश फी, प्रवास, मुक्काम, पिशवी वाहणाऱ्या कॅडीची मजुरी, सगळं तिच्या पदरचं. पहिल्या फेऱ्यांत ठरावीक क्रमांकाच्या आत आली तरच पुढे खेळणार. नाहीतर आठवड्याची कमाई शून्य आणि खर्च पुरा. आपल्या नाक्यावर काम मिळेल या आशेनं उभ्या राहणाऱ्या बाईला हे गणित कुणी समजावून सांगायला नको. भाडं खर्चून नाक्यावर यायचं आणि काम नाही मिळालं तर रिकाम्या हातानं परत.

अल्थियाला एकही स्पर्धा जिंकता आली नाही. १९७० मध्ये ओहायोतल्या एका स्पर्धेत तिघींची बरोबरी झाली आणि निकालासाठीच्या जादा खेळात तिची संधी हुकली. गॉल्फमधली तिची सगळ्या वर्षांची कमाई पंचवीस हजार डॉलरच्या आतच राहिली. चौदा वर्षांनी भागलं तर वर्षाला दोन हजारही पडत नाहीत, आणि त्यातून खर्च जायचा. तिकडे १९६८ मध्ये टेनिसच्या मोठ्या स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्या. त्या वर्षी विम्बल्डनच्या विजेत्याला दोन हजार पौंड मिळाले आणि विजेतीला साडेसातशे. अल्थिया तेव्हा चाळिशी ओलांडत होती. ज्या पिकासाठी तिनं रान मोकळं केलं, त्याचा दाणा तिच्या घरात आला नाही.

एका गोष्टीवर आपल्याला खास बोलावं लागेल. अल्थियानं स्वतःला काळ्यांची प्रतिनिधी म्हणवून घेणं टाळलं. मी खेळाडू आहे, मला खेळू द्या, एवढीच तिची भूमिका होती. काळ्यांच्या वृत्तपत्रांनी त्यावरून तिच्यावर टीकाही केली. चळवळीत काम करणाऱ्या आपल्याला हे टोचतं. तिनं ठाम बोलायला हवं होतं, असं मलाही वाटतं. पण "पहिली" ठरलेल्या बाईकडून आपण किती मागतो! तिनं जिंकावं, शोभून दिसावं, आपल्या सगळ्यांच्या वतीनं बोलावं आणि चुकू नये. या अपेक्षांच्या बदल्यात तिच्या घरभाड्याची चौकशी कोण करतं?

१९९० च्या दशकात अल्थिया आजारी होती. १९९२ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. औषधाला आणि भाड्याला पैसे उरले नाहीत. तिनं जुन्या जोडीदारणीला, अँजेलाला फोन केला. जीव द्यावासा वाटतो, असं सांगितलं. अँजेलानं खटपट केली, टेनिसच्या नियतकालिकातून आवाहन गेलं आणि जगभरातून मदत आली. २८ सप्टेंबर २००३ रोजी अल्थिया वारली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या टेनिस संकुलात तिचा पुतळा बसला. २०२५ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीनं पंचवीस सेंटच्या नाण्यावर तिची प्रतिमा काढली. जिला हयातीत नाणी पुरली नाहीत, ती मेल्यावर नाण्यावर आली.

मैत्रिणींनो, "हौशी" या शब्दाचा आपल्याकडचा भाऊबंद ओळखीचा वाटतो का? त्याचं नाव "मानधन". १९७५ पासून चालू असलेल्या अंगणवाड्यांतल्या सेविका आणि मदतनीस, २००५ नंतर आलेल्या आशा, या सगळ्याजणींना सरकार वेतन देत नाही, मानधन देतं. वेतन म्हटलं की हक्क येतो, रजा येते, निवृत्तिवेतन येतं. मानधन म्हटलं की उपकार. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला, तोही दीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हाही मागण्या याच होत्या: ग्रॅच्युइटी, पेन्शन, वाढीव मोबदला. करोनाच्या काळात याच बायकांवर फुलं उधळली गेली होती. फुलांचा खर्च परवडतो, पेन्शनचा परवडत नाही!

सरकारला विचारायचा प्रश्न आपल्याला स्वतःलाही विचारावा लागेल. आपल्या कितीतरी संस्थांत पूर्णवेळ कार्यकर्तीला महिन्याला मानधनाचं पाकीट मिळतं, त्यापलीकडे काही नाही. गावोगाव हिंडून, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून तिची साठी येते. मग? मग एक सत्कार: शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि डोळ्यांत पाणी आणणारी चार भाषणं. गुडघे दुखतात ते मात्र घरी गेल्यावर.

निधी अपुरा असतो, प्रकल्प तीन वर्षांत संपतात, हे मी जाणते. अंदाजपत्रक बनवायचं काम माझ्याही वाट्याला येतं. तरी काही गोष्टी आपल्या हातात आहेत. प्रस्ताव लिहितानाच कार्यकर्तीच्या भविष्यनिर्वाह निधीची आणि आरोग्यविम्याची रक्कम वेगळी दाखवावी. वीसपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थेलाही स्वेच्छेनं भविष्यनिर्वाह निधीत सामील होता येतं. सत्काराचा खर्च आटोपशीर ठेवून उरलेली रक्कम वृद्ध कार्यकर्त्यांच्या निधीत टाकता येईल. आणि चार-पाच संस्थांनी मिळून असा निधी उभारला तर एकीवर भार पडणार नाही.

अल्थियाला शेवटी मैत्रीण धावून आली. मैत्रीण हवीच. पण म्हातारपणीची भाकरी मैत्रिणीच्या फोनवर अवलंबून असू नये, ती हक्कानं ताटात यावी.

तुमच्या संस्थेत, संघटनेत याबाबत काय केलं आहे, काय अडतं आहे, ते आम्हाला लिहून कळवा. आकड्यांसह लिहा. पुढच्या अंकात हा हिशेब आपण सगळ्याजणी मिळून मांडू.