मनाच्या वैद्याकडे जातांना

दांत दुखूं लागला म्हणजे आपण दंतवैद्याकडे जातों व तें शेजाऱ्यांस सांगावयास लाजत नाहीं. परंतु मुलाची झोंप उडाली, अन्न गोड लागेनासें झालें, परीक्षेच्या नुसत्या विचारानें हातपाय कांपूं लागले, आणि कोणी मानसोपचाराचें नांव काढलें, कीं घरांतून उत्तर येतें, "आमचें मूल कांहीं वेडें नाहीं!" ज्या खोलींत काय चालतें हें ठाऊक नसतें, तिच्या दाराची भीति वाटावयाचीच. म्हणून तें दार थोडें उघडून दाखविण्याचा हा यत्न आहे.

कित्येक श्रद्धाळू घरांत विचारतात कीं, प्रार्थना असतां असल्या उपायांची गरज काय? डॉ. वानलेस यांनीं मिरजेस १८९४ सालीं मिशनचें इस्पितळ उघडलें, तें प्रार्थनेवरील विश्वास उडाला म्हणून नव्हे. शरीरास जो न्याय, तोच मनास कां नसावा?

प्रथम माणूस पारखून घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असून औषध देऊं शकतात. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहींत, संभाषणाच्या द्वारें उपचार करितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करणाराची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. शिक्षण, नोंदणी, फी, भेट चुकल्यास काय, हें सर्व आधींच विचारावें. चांगल्या तज्ज्ञास त्याचा राग येत नाहीं.

भेट बहुधा पाऊण तासाची, आठवड्यांतून एकदां. पहिल्या दिवशीं झोंप, भूक, अभ्यास, मित्र, घरचीं माणसें, पूर्वीचे आजार यांविषयीं प्रश्न होतात. तेथें जादू नाहीं, परीक्षा नाहीं आणि उपदेशाचा पाऊसही नाहीं. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर त्यांनीं त्याची खरी सोबत केली. बोलूं लागले आणि दोष देऊं लागले, तेव्हां त्याचें दुःख वाढलें. तज्ज्ञ दोष देण्यासाठीं बसलेला नसतो. रडूं आलें तर येऊं द्यावें. शब्द न सुचले तर तेंही सांगावें. पुढें दोघांनीं मिळून ध्येय ठरवावयाचें असतें. ॲरन बेक या अमेरिकन डॉक्टरानें १९६० च्या दशकांत मांडलेल्या पद्धतींत घरचा अभ्यासही मिळतो. 'मी नापास होणारच' हा विचार कागदावर लिहून त्याचा पुरावा तपासावयाचा. एखाद्या भेटीनंतर मन अधिक जड वाटेल. जखम धुतांना ती झोंबतेच. मात्र कांहीं भेटींनंतरही सूर जुळला नाहीं, तर तसें स्पष्ट सांगून दुसरा तज्ज्ञ पाहण्यांत कृतघ्नपणा नाहीं.

आतां पालकांस एक विनंति. अठरा वर्षांखालील मुलासाठीं आपली संमति लागते, फी आपण देतां, तरी "आंत काय बोललास?" हा प्रश्न दारांतच विचारूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रुग्णाचा गुप्ततेचा हक्क मान्य केला आहे. जिवास धोका असेल, दुसऱ्यास इजा होण्याचा संभव असेल, किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर तज्ज्ञास गप्प राहतां येत नाहीं; ही मर्यादा चांगला तज्ज्ञ पहिल्या भेटींतच सांगतो. बाकीचें मुलाचें मुलाजवळ राहूं द्यावें. माझें मत असें कीं, जें मूल बाहेर मोकळेपणीं बोलावयास शिकतें, तें एके दिवशीं घरींही बोलूं लागतें. चौकशीचा तगादा लागला, कीं तें दोन्ही ठिकाणीं मुकें होतें.

खासगी फी प्रत्येक घरास झेपत नाहीं, हें खरें. सवलत आहे काय, हें विचारण्यांत कमीपणा नाहीं. सरकारी इस्पितळांतील मनोविकार विभागही आहेत. २०२२ सालीं सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथें रात्रंदिवस, मराठींतूनही बोलतां येतें.

विद्यार्थिमित्रहो, दुःख सांगणें हा दुबळेपणा नव्हे. एकट्यानें उचलवत नाहीं अशा ओझ्याखालीं चिरडून न जातां "जरा हात लावा" म्हणणारा हमाल शहाणाच ठरतो. तुमच्या मनावर आज तसें ओझें असेल, तर आईस, वडिलांस, वर्गशिक्षकांस, कोणा तरी एकास तें आजच सांगा.